भाग्यपत्रिका हातात आली की

बाबू, तू कर्णधार झालास. आता आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचं वेळापत्रक तुझ्या हाती येईल. पोट्टे त्यात आधी एकच बघतात, पहिल्या सामन्यात समोर कोण? तू ते सगळ्यात शेवटी बघ. आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढ आणि तो कागद तिच्या शेजारी ठेव.

पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटतं. पावसाळ्यातली तारीख असेल आणि तुझा डावा कोपरा तिकडचा असेल, तर त्याला चार दिवस आधीच बोलावून वसतिगृहात ठेव. दिवाळीच्या आगेमागे धानकापणी. बांधीत धान उभं असताना पोरगा घरी नाही म्हणू शकत नाही, आणि त्यानं म्हणूही नये. माझ्या संघातल्या एका कोपऱ्यानं उपांत्य सामन्याच्या दोन दिवस आधी विळ्यानं बोट कापून घेतलं. पट्टी बांधून उतरला. शेवटच्या चढाईत गड्याचा घोटा त्याच्या मुठीत आला, ओली पट्टी सरकली आणि पाय सुटला. एका गुणानं हरलो. त्यानंतर दरवर्षी मी प्रत्येकाला घरची कापणी कधी ते विचारायचो आणि त्याच कागदावर लिहून ठेवायचो.

कापणी झाली की मंडई, झाडीपट्टीची नाटकं आणि गावोगावचे खुले सामने सुरू होतात. तुझा चांगला चढाईपटू रात्री गावाकडून खेळणारच. त्याच्यावर ओरडू नकोस. तेही सामनेच आहेत, वेळापत्रकात मांड आणि दुसऱ्या दिवशी त्याला सरावातून मोकळा ठेव. हिवाळी परीक्षेच्या पेपरांच्या तारखाही तिथेच लिही.

आता भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कोणाशी खेळणार तो तक्ता. समज २२ संघ आले. बाद पद्धतीत आकडा ३२ धरायचा, म्हणजे १० संघांना बाय, ते थेट दुसऱ्या फेरीत. उरलेले १२ पहिल्या फेरीत सहा सामने खेळणार. बाय मिळाली तर जिंकायला चार सामने, नाही तर पाच. स्पर्धा दोन दिवसांत उरकायची असेल तर पहिल्याच दिवशी तीन सामने अंगावर येतात. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं, असं तीनदा. तिसऱ्यात पाय जड होतात आणि भरवशाचा चढाईपटू निदानरेषा ओलांडून तसाच परत येतो. म्हणून दोन सामन्यांमध्ये किती वेळ आहे तो मोज. पहिल्या सामन्यात लोण चढवून आघाडी घेतलीस, तर मुख्य चढाईपटूला बसव आणि राखीव पोराला उतरव.

बाय मिळालेल्या संघाला पोट्टे घाबरतात. तो ताजा असतो हे खरं, पण त्याचा पाय अजून मॅटवर बसलेला नसतो. पहिली पाच मिनिटं त्याच्यावर तुटून पडा. तुम्हाला बाय असेल तर हेच उलट होईल, म्हणून अर्धा तास आधी घाम काढून उतरा.

मॅटचं वेगळं सांगतो. आपण लाल मातीवर अनवाणी वाढलो. मॅटवर बूट घट्ट धरतो आणि वळताना गुडघ्यावर भार येतो. यजमान महाविद्यालयात मॅट आहे की मैदान, हे वेळापत्रक आल्याच दिवशी फोन करून विचार. मॅट असेल तर निदान दोन आठवडे बूट घालून सराव कर.

रस्ता तर माझ्या जिव्हाळ्याचा. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ होण्यापूर्वी आपली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठात होती. आता विद्यापीठ गडचिरोलीत आलं, तरी सिरोंच्याहून तिथं यायला सुमारे २०० किलोमीटर एसटीत बसावं लागतं. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे फक्त वडशाला. रात्रभर प्रवास करून सकाळी नऊला उतरलेला संघ खेळत नाही, नुसता उभा असतो. आदल्या संध्याकाळी पोहोच. मुक्कामाला खर्च लागतो, त्याची मागणी प्राचार्यांकडे महिनाभर आधी लेखी कर. या एका कामात मी कधी भीड धरली नाही, तूही धरू नकोस.

विद्यापीठाचा संघ याच सामन्यांतून निवडला जातो, पुढे पश्चिम विभागाच्या स्पर्धेला जातो. म्हणून हरलेल्या सामन्यातही शेवटच्या मिनिटापर्यंत पोरांना खेळव. निवड समिती खुर्चीवरच असते.

एवढं सगळं मांडून झालं की मग प्रतिस्पर्ध्याचं नाव वाच. आणि कागद आला की माझ्याकडे घेऊन ये, पेन्सिलही आण.