ऑनलाइन छायाचित्रस्पर्धांतील मुदतीचा प्रश्न : अनुभवाचे बोल

ऑनलाइन छायाचित्रस्पर्धेतील प्रत्येक प्रवेशिकेला तीन वेळा असतात : छायाचित्र टिपल्याची, ते पाठवल्याची आणि आयोजकांकडे ते पोहोचल्याची. यांपैकी कोणती वेळ ग्राह्य धरायची हे नियमावलीत स्पष्ट नसले, की मुदतीवरून वाद उद्भवतात. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पावसाळ्यात वीज गेली की पाठोपाठ मोबाइलची रेंजही जाते, आणि मग पाठवणे व पोहोचणे यांत काही तासांचे अंतर पडते. म्हणून तेथील हर्णै, आंजर्ले किंवा मुरूडहून छायाचित्रे पाठवणाऱ्यांना हा प्रश्न अधिक जाचतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, उभयपक्षी वेगळे ठरलेले नसल्यास, इलेक्ट्रॉनिक अभिलेख, म्हणजे संगणकीय स्वरूपातील संदेश वा फाइल, पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणकव्यवस्थेत शिरला की पाठवला गेला, आणि प्राप्तकर्त्याने नेमून दिलेल्या संगणकव्यवस्थेत शिरला की मिळाला, असे मानले जाते. त्यामुळे अर्ध्यावर अडकलेली फाइल वेळेत दिली होती, हा दावा केवळ बटण दाबल्याच्या आधारावर टिकणे कठीण असते.

नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झालेली आणि २०१२ साली भारतानेही जिच्यात भाग घेतला ती ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही वारसावास्तूंची छायाचित्रस्पर्धा या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. तिच्यात छायाचित्र कधी टिपले याला महत्त्व नसून ते स्पर्धेच्या ठरलेल्या कालावधीत ‘विकिमीडिया कॉमन्स’ या मुक्त संग्रहात अपलोड होणे आवश्यक असते. म्हणजे हर्णैजवळच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचे काही वर्षांपूर्वीचे छायाचित्रही चालते, परंतु मुदतीनंतर चढवलेले छायाचित्र स्पर्धेत धरले जात नाही. मात्र ते संग्रहात राहते आणि कोणालाही वापरता येते. उशिरा आलेले काम स्पर्धेतून वगळणे आणि ते वाया घालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतर आयोजकांनीही ध्यानात घ्यावे.

‘३० तारखेपर्यंत’ एवढेच लिहिणे अपुरे ठरते, कारण संकेतस्थळांच्या नोंदी पुष्कळदा जागतिक समन्वित वेळेनुसार, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या घड्याळानुसार, ठेवल्या जातात. भारतात मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा त्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणून तारीख, तास आणि प्रमाणवेळ ही तिन्ही नियमावलीत असावीत. छायाचित्र टिपल्याच्या तारखेची अट असल्यास ती मेटाडेटावरून, म्हणजे फाइलमध्ये कॅमेऱ्याने नोंदलेल्या तपशिलावरून, तपासली जाते; परंतु कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असू शकते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवताना हा तपशील गळतो, त्यामुळे मूळ फाइल मागवणे इष्ट.

मुदतवाढीचा नियमही आधीच लिहिलेला असावा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-मंडणगड परिसरातील वीज आणि दूरसंचार व्यवस्था कोलमडली, तशा आपत्तीत मुदत वाढवणे न्याय्यच आहे. मात्र ती सर्वांसाठी, जाहीरपणे आणि परीक्षकांनी प्रवेशिका पाहण्यापूर्वी वाढवली पाहिजे. एखाद्याला खासगीत दिलेली सवलत त्याच पावसात रेंज शोधत वेळेत छायाचित्र पाठवलेल्या प्रत्येकावर अन्याय करते. उशिराच्या प्रवेशिकांचा निर्णय परीक्षकांऐवजी आयोजकांनी स्पर्धकाचे नाव न पाहता घ्यावा, नकाराचे कारण लेखी कळवावे, आणि प्रवेशशुल्क परत मिळेल की नाही हे आरंभीच सांगावे.

स्पर्धकाने, आपल्यापुरते, मुदतीचा शेवटचा दिवस हा अडचण निस्तरण्यासाठी राखून ठेवलेला दिवस समजावा आणि प्रवेशिका त्याआधीच द्यावी. फाइलचा आकार व स्वरूप नियमांत बसते का हे आधी तपासावे, अपलोड पूर्ण झाल्याची पोच जपून ठेवावी, आणि मूळ फाइल निकाल लागेपर्यंत पुसू नये. तांत्रिक बिघाड झाल्यास मुदत संपण्यापूर्वीच, पडद्यावरील त्रुटीच्या छायाचित्रासह, आयोजकांना ईमेलने कळवावे. कारण मुदतीपूर्वी नोंदवलेल्या अडचणीचा विचार करण्यास आयोजकांजवळ आधार असतो, नंतर सांगितलेली अडचण कितीही खरी असली तरी तिची शहानिशा करता येत नाही.