तिसऱ्यांदा नीट देण्याआधी

नीटचा निकाल लागला की तेच फोन येतात. सरकारी कॉलेज मिळेल का, मॅनेजमेंट कोट्यात किती मोजावे लागतील, आणखी एक ड्रॉप घेऊ का? अलीकडे त्यात एका वाक्याची भर पडली आहे : ‘तिला नवजात बाळांवर रिसर्च करायचाय.’ वाक्य मुलीचं असतं, फोन बाबांचा.

नेहमीचा रस्ता एका दमात सांगतो. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, बालरोगशास्त्रात एमडी तीन, निओनेटॉलॉजीत डीएम आणखी तीन. मध्ये दोन प्रवेश परीक्षा. एवढं करून मुलगी नवजात बाळांची डॉक्टर होते. संशोधक होतेच असं नाही. हा फरक घरात कुणी बोलत नाही.

संशोधकाचे प्रश्न कसे असतात, ते एका उदाहरणातून बघा. पोटातलं बाळ फुप्फुसानं श्वास घेत नाही. त्यामुळे हृदयातून फुप्फुसाकडे निघालेलं बरंचसं रक्त ‘डक्टस’ नावाच्या नळीतून परस्पर महाधमनीत जातं. वेळेवर जन्मलेल्या बाळात ही नळी दोन-तीन दिवसांत मिटते. फार लवकर जन्मलेल्यांत ती पुष्कळदा उघडीच राहते. मग रक्त उलटं फुप्फुसात लोटतं आणि मूत्रपिंडाला कमी पडतं. नळी मिटवायला इंडोमेथासिन द्यावं, तर तेच औषध मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतं. लघवी कमी होते. आणि ही मूत्रपिंडं अजून घडतच असतात, कारण मूत्रपिंडातल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, तयार होण्याचं काम गरोदरपणाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत चालतं. बरं, खात्री करायला मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन पाहावं, तर पहिल्या काही दिवसांत त्या आकड्यात आईचंही क्रिएटिनिन मिसळलेलं. एका अवयवाला सांभाळायला जावं, तर दुसरा रुसतो.

इंडोमेथासिननंतर आयबुप्रोफेन आलं. २०११मध्ये इस्राएलच्या डॉक्टरांनी साध्या पॅरासिटामॉलनं नळी मिटल्याचं नोंदवलं. आणि २०२३मध्ये युरोपातल्या एका चाचणीत दिसलं की, २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत लगेच आयबुप्रोफेन देण्यापेक्षा वाट पाहणं वाईट ठरत नाही. इतकी वर्षं औषधं शोधून हाती काय आलं, तर ‘थांबून बघा’! हे वाचून जिची निराशा होईल तिनं खुशाल डॉक्टर व्हावं. जिला पुढचा प्रश्न सुचेल तिच्याशी मला बोलायचं आहे.

कारण परदेशातलं उत्तर इथे जसंच्या तसं चालत नाही. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचं शरीर काही काळ थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रूढ झाला. तोच भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तपासला. मुंबईचं सायन हॉस्पिटलही त्यात होतं. थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३१. निकाल २०२१चा. हे कळलं ते कुणाच्या हातगुणामुळे नव्हे, मोजणीमुळे. किती बाळं घ्यायची, कुठलं बाळ कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं कसं ठरवायचं, चाचणी मध्येच कधी थांबवायची, हा हिशेब मांडणाऱ्याला स्टेथोस्कोप लागत नाही.

म्हणून माझा लाडका आणि कुणालाच नको असलेला सल्ला : बायोस्टॅटिस्टिक्स. संख्याशास्त्रात बीएस्सी, मग देवनारच्या आयआयपीएसमध्ये किंवा वेल्लोरच्या सीएमसीत एमएस्सी. नावापुढे ‘डॉ.’ लागायला पीएचडीपर्यंत थांबावं लागेल. लग्नपत्रिका तोवर थांबू शकते. अडचण वेगळीच आहे. अकरावीत ‘मेडिकलच करायचंय, मॅथ्स कशाला?’ म्हणून तुम्हीच तिला गणित सोडायला लावलेलं असतं. ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत, त्यांनी निदान हे दार तरी बंद करू नये.

आणि कोट्याच्या सीटसाठी जमीन विकायला निघालेल्या बाबांनी एक समजून घ्यावं. डोक्यावर कर्ज असलेली मुलगी संशोधन करणार नाही. तिला ते परवडणारच नाही. ती तालुक्याला दवाखाना टाकेल, चांगला चालवेलही, पण मग तिच्या ‘रिसर्च’च्या नावावर तुम्ही तुमचंच स्वप्न विकत घेतलंत. दुसरा ड्रॉपही तसाच. तो कुणाला हवाय हे तिला एकटीला विचारा, आणि विचारताना आईला शेजारी बसवू नका.

ज्यांना एमबीबीएसला प्रवेश मिळतोय त्यांनी आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपची आत्ताच नोंद करून ठेवावी : शिकता शिकता, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली, दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प. आणि कॉलेज पाहायला जाल तेव्हा वर्षाला तिथे बाळंतपणं किती होतात, नवजात विभागात खाटा किती, तिथल्या प्राध्यापकांचं अलीकडे काही छापून आलंय का, हे विचारा. हॉस्टेलला एसी आहे का, ते नंतर.