खुर्ची आधी उलटी करून बघ

पहिली नोकरी, कर्वेनगरात वन बीएचके, अकरा महिन्यांचा करार आणि घरात फक्त पंखे. सांगलीहून आलेल्या भाचीला सगळं ऑनलाइन मागवून मोकळं व्हायचं होतं. उभी हयात सुतारकामात घालवलेला मामा तिला जुन्या फर्निचरच्या गोदामात घेऊन आला.

“मामा, हे कपाट बघ ना. जवळजवळ नवंच आहे, आणि निम्म्या किमतीत देतायत.”

मामाने दार उघडून बिजागरीपाशी बोट ठेवलं. “हा पार्टिकल बोर्ड. लाकडाचा भुसा चिकटद्रव्यात कालवून दाबलेली फळी. एकदा स्क्रू काढला की भोक सैल होतं, दुसऱ्यांदा पकड धरत नाही. हे सुटं करून इथं आणलंय. तू घरी नेऊन जोडशील आणि करार संपला की पुन्हा सोडवशील. खालची कड बघ, फुगलीय. पाणी लागलं की भुसा फुगतो आणि पूर्ववत होत नाही.”

“मग जुनं घ्यायचंच कशाला?”

“अगं, जुनं म्हणजे सगळं एका मापाचं नसतं. ते लोखंडी कपाट बघ. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटं करायला घेतली. आपल्याकडे आजीचं कपाट नातीनं वापरलेली घरं काय कमी आहेत? रंग उडालाय तो देता येतो. तळाचा पत्रा गंजलाय का, दार घासतंय का आणि किल्ली अडकते का, एवढं बघ.”

मग त्याने एक सागवानी खुर्ची उचलून सरळ उलटी केली. वरून पॉलिश झकास होतं. खाली एका पायाला टाचणीएवढी भोकं होती आणि त्यातून पिठासारखी भुकटी गळत होती. “भुकटी ताजी आहे, म्हणजे कीड आत जिवंत आहे. सागाच्या गाभ्यात तेल असतं, त्याला वाळवी सहसा लागत नाही. पण बाहेरचा पांढरट भाग वापरला असेल तर त्याला सागाचं नाव काही वाचवत नाही.” शेजारच्या टेबलाचा ड्रॉवर त्याने पूर्ण बाहेर ओढला. कोपऱ्यात खिळा नव्हता. दोन फळ्यांच्या खाचा एकमेकींत घट्ट बसल्या होत्या. “हे घे. डुगडुगलं तरी कुठलाही सुतार नीट करून देईल.”

पुण्यात कुणाची ना कुणाची बदली होतच असते, कुणाचा करार संपतो, आणि टेम्पोभाडं परवडत नाही म्हणून असं टेबल पडेल त्या भावाला जातं. पहिलं बिऱ्हाड मांडणाऱ्यांच्या हे पथ्यावर पडायला हवं. तरी हप्त्यांवर भुशाच्या फळ्या घेणारेच जास्त दिसतात, याची खरोखर हळहळ वाटते.

“फ्रिज?”

“चालू करून अर्धा तास थांब. दारात नोट धरून दार लाव; नोट सहज निसटली तर रबर गेलंय. स्टारच्या लेबलवरचं वर्ष वाच. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच स्टार म्हणजे आजचे पाच नव्हेत. टेम्पोत उभाच ठेवायला सांग. आडवा आणला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत शिरतं, मग काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करायचा नाही.”

“कढया, तवे?”

“त्यासाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी नाहीतर रविवारी. बिडाचा तवा गंजका असला तरी घे, घासून तेल लावून तापवला की तयार. शेगडी जुनी चालेल, गॅसची नळी मात्र नवीच हवी, आयएसआय शिक्क्याची. तीही पाच वर्षांनी बदलायची.”

कोपऱ्यातल्या दिवाणाकडे भाची वळली, तसा मामाने फळ्यांच्या फटींत मोबाइलचा टॉर्च मारला. सांध्यांत काळे ठिपके होते. “ढेकूण. अन्नाशिवाय महिनोन्‌महिने तग धरतात. रिकाम्या दिवाणावरही भरवसा ठेवू नको.”

“म्हणजे गादीसुद्धा नवी?”

“परक्याची गादी तर अजिबात नको. तुझ्या आईच्या माळ्यावर कापसाच्या दोन गाद्या पडल्यात. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घे, नवी खोळ शिव. आणि टेम्पो ठरवायच्या आधी तुमच्या जिन्याच्या वळणाची रुंदी मोजून मला कळव. हे टेबल सहा फुटी आहे.”