जुन्या घराची डागडुजी

मुलुंड किंवा घाटकोपरहून लोकलने निघालो, की भायखळा स्टेशन लागते. स्टेशनाजवळच राणीची बाग आहे. बागेच्या आवारात एक जुनी, देखणी इमारत आहे. तिचे नाव डॉक्टर भाऊ दाजी लाड संग्रहालय. संग्रहालय म्हणजे मोलाच्या जुन्या वस्तू सांभाळण्याचे घर.

हे घर १८७२ साली लोकांसाठी उघडले. डॉक्टर भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यासाठी मोठी खटपट केली. लोकांनी वर्गणी दिली. निरनिराळे धंदे करणारी माणसे इथे मातीच्या छोट्या मूर्तींतून दाखवली आहेत. आपल्यासारखीच कष्टाची माणसे ती! आधी या घराला इंग्लंडच्या राणीचे नाव होते. १९७५ साली भाऊ दाजींचे नाव दिले.

पण घर म्हटले, की काळजी आलीच. आपले घर गळू लागले तर आपण काय करतो? आधी छप्पर शाकारतो, मग भिंती सारवतो. या घरातही ओल शिरली. रंग उडाले. सोनेरी नक्षी काळवंडली.

मग काय, पाडून नवे बांधायचे? नाही. २००३ साली दुरुस्ती सुरू झाली. महापालिकेला दोन संस्थांनी साथ दिली. बिडाचे खांब, छताची नक्षी, जुनी कपाटे, सारे मूळ रूपात आणले. २००५ साली युनेस्को या जागतिक संस्थेने या कामाला मानाचे बक्षीस दिले. २००८ साली दारे पुन्हा उघडली. पुढे घर वाढवायचेही ठरले. नव्या भागासाठी २०१४ साली स्टीव्हन होल या अमेरिकन वास्तुरचनाकाराचा आराखडा निवडला गेला.

इमारतीबाहेर दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरी बेटावरचा. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचे होते. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडून फुटला. पुढे तुकडे जोडून त्याला उभे केले. तुटले म्हणून टाकले असते, तर आज आपण काय पाहिले असते?

आपल्या गावठाणात जुने देऊळ असेल, विहीर असेल, शाळा असेल. त्यावर घाईने कुदळ चालवू नये. आधी जाणत्याला दाखवावे. पाडायला एक दिवस पुरतो, पण पाडलेले परत येत नाही.

विचार करा : आपल्या गावात जपण्यासारखे काय आहे? त्याची देखभाल कोण करतो?