तुम्ही कोठून बोलता?

समजा, रात्रीची वेळ आहे. घरात एकाएकी अब्बांच्या छातीत दुखू लागते. मोठा मुलगा मोबाइल उचलतो आणि रुग्णवाहिकेसाठी फोन लावतो.

“हॅलो, लवकर गाडी पाठवा! अब्बांची तब्येत फार बिघडली आहे.”

“आपण कोठून बोलता?”

“घरून बोलतोय.”

“घर कोठे आहे?”

“मशिदीच्या मागे, यंत्रमागाच्या कारखान्यासमोर.”

“कोणती मशीद? गाव कोणते?”

एवढ्यात फोन बंद पडतो.

आता पलीकडच्या माणसाने काय करावे? त्याच्याजवळ गाडी आहे, डॉक्टर आहे, चालक तयार आहे. नाही तो फक्त पत्ता. फोन करणाऱ्याने सांगितले नाही तरी त्याची जागा कळावी, यासाठी जगातील तंत्रज्ञ गेली तीस वर्षे खटपट करीत आहेत.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता. टेलिफोन तारेने बांधलेला असे. तारेचे दुसरे टोक कोणाच्या घरात आहे, याची नोंद टेलिफोन कचेरीत असे. नंबर कळला की घर कळे. त्या काळी अडचण वेगळी होती. १९३५ साली लंडनमधील विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने टेलिफोन केला होता. पण त्याचा फोन इतर फोनांच्या रांगेत अडकून राहिला. त्यानंतर, १९३७ साली, लंडनमध्ये संकटाच्या वेळेसाठी ९९९ हा वेगळा नंबर सुरू झाला. अमेरिकेत ९११ या नंबरावरचा पहिला फोन १९६८ साली अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहान गावी झाला. पुढे तेथे अशी सोय झाली, की फोन येताच त्या घराचा पत्ता कर्मचाऱ्यासमोरच्या पडद्यावर उमटे.

मोबाइल आला आणि तार गेली. नंबर तोच, पण माणूस आज नाशिकला तर उद्या नांदेडला! अमेरिकेत ९११ वर मोबाइलवरून फोन येऊ लागले, तेव्हा पडद्यावरची पत्त्याची जागा रिकामी राहू लागली. म्हणून १९९६ साली तेथील संघीय संचार आयोगाने मोबाइल कंपन्यांसाठी नियम केले. प्रथम त्यांनी फोन कोणत्या टॉवरवरून आला ते कळवायचे होते आणि पुढच्या टप्प्यात माणसाची जागा. १९९९ साली हे नियम अधिक स्पष्ट झाले. जागा फोननेच मोजली, तर शंभरांपैकी ६७ फोनांत चूक ५० मीटरच्या आत असावी आणि ९५ फोनांत १५० मीटरच्या आत. शंभरांपैकी शंभर, असे मात्र त्यांनीही म्हटले नाही.

ही जागा मोजतात तरी कशी? मोबाइल फोन जवळच्या टॉवरशी रेडिओलहरींनी जोडलेला असतो. पण केवळ टॉवर कळून भागत नाही. शहरात एक टॉवर काहीशे मीटरांचा भाग सांभाळतो, तर मोकळ्या मुलखात तोच भाग कित्येक किलोमीटरांचा असतो. एवढ्या भागात एक माणूस शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखे आहे. म्हणून अंतर मोजावे लागते. रेडिओलहरी एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. लहरीला पोहोचायला किती वेळ लागला ते कळले, की टॉवरपासून फोनचे अंतर निघते. पण दिशा कळत नाही. माणूस टॉवरभोवतीच्या एका वर्तुळावर कोठेतरी आहे, एवढेच समजते. दुसऱ्या टॉवरचे दुसरे वर्तुळ काढले, की ती दोन ठिकाणी छेदतात. तिसरे काढले म्हणजे एकच बिंदू उरतो. वहीवर तीन बिंदू घेऊन कंपासने हे करून पाहा. भूमितीचा पाठ येथे उपयोगी पडतो.

मात्र घड्याळ फार अचूक हवे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरांची चूक होते. रुग्णवाहिका तीन-चार गल्ल्या पलीकडे जाऊन उभी राहील!

दुसरा मार्ग उपग्रहांचा. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांच्यात अणुघड्याळे असतात. फोनचे स्वतःचे घड्याळ तितके अचूक नसल्यामुळे तीनऐवजी चार उपग्रहांचे संदेश लागतात. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात अमेरिकेचे लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० मध्ये ते बंद झाले, आणि मोकळ्या मैदानात जागा काही मीटरांपर्यंत नेमकी कळू लागली.

पण मैदानात आजारी पडणारे थोडेच. माणसे घरात आजारी पडतात, आणि उपग्रहाचा क्षीण संदेश काँक्रीटच्या छतातून नीट आत येत नाही. तेथे फोन आसपासच्या वायफाय यंत्रांवरून अंदाज बांधतो. शिवाय इमारत उंच असली, की नवी अडचण उभी राहते. नकाशावरचा बिंदू इमारत दाखवतो, मजला दाखवत नाही. मुंब्र्यातील सात मजल्यांच्या इमारतीत चुकीच्या मजल्यावर स्ट्रेचर नेले, तर किती वेळ जाईल, याचा विचार करा. काही फोनांत हवेचा दाब मोजण्याची सोय असते. वर जावे तसा दाब कमी होतो, त्यावरून उंची काढता येते. २०१९ साली अमेरिकेत असा नियम झाला, की ही उंची शंभरांपैकी ८० फोनांत ३ मीटरांच्या आत बरोबर यावी. तीन मीटर म्हणजे साधारण एक मजला.

एवढे झाले तरी एक उणीव राहिली होती. फोनला आपली जागा ठाऊक असे, पण मदत केंद्राला ती कळत नसे. टॅक्सी बोलावली, तर चालकाला आपण उभे असलेला कोपरा दिसतो, आणि रुग्णवाहिका मात्र पत्ता विचारीत फिरते, ही गोष्ट खरोखर लाजिरवाणी होती. २०१४ साली ब्रिटनमध्ये यावर साधा उपाय निघाला. ९९९ लावताच फोन आपली जागा मोजतो आणि ती एका लहानशा लिखित संदेशाने केंद्राकडे पाठवतो. फोन करणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. २०१६ पासून अँड्रॉइड फोनांत आणि २०१८ पासून आयफोनमध्ये ही सोय आली. ज्या देशातील केंद्रे तो संदेश घेण्यास तयार असतात, तेथेच तिचा उपयोग होतो.

आपल्या देशात फेब्रुवारी २०१९ मध्ये अनेक राज्यांत ११२ हा एकच नंबर सुरू झाला. पोलीस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका यांपैकी कोणाचीही मदत त्यावर मागता येते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर २०१४ पासून आहे. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटकाळचे बटण असावे, असाही नियम झाला. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चे बटण दाबून धरायचे. स्मार्टफोनमध्ये फोन चालू-बंद करण्याचे बटण तीनदा झटपट दाबायचे, असे त्यात होते. कंपनीप्रमाणे ही पद्धत थोडी बदलते, तेव्हा आपल्या घरच्या फोनमध्ये ती कशी आहे, हे मोठ्यांकडून समजून घ्या. गंमत म्हणून मात्र ते बटण दाबू नका. तुमच्या थट्टेच्या वेळी दुसऱ्या कोणाचा खरा फोन रांगेत थांबलेला असेल.

यंत्रे इतकी सुधारली, तरी पलीकडून पहिला प्रश्न बहुधा तोच येतो : “आपण कोठून बोलता?” कारण यंत्र नकाशावर बिंदू दाखवते, पण मालेगावच्या किंवा भिवंडीच्या अरुंद बोळात शिरायचे कोणत्या बाजूने, हे तेथे राहणाऱ्यालाच माहीत असते. म्हणून आधी गाव, मग मोहल्ला, मग मशिदीचे किंवा शाळेचे नाव, शेवटी मजला सांगावा. आजाराची हकिकत त्यानंतर. मध्येच फोन तुटला, तरी गाडी निघालेली असेल. आणि गाडी गल्लीत शिरणार नसेल, तर घरातल्या एकाने दिवा घेऊन नाक्यावर जाऊन उभे राहावे.

शब्दार्थ
खटपट – प्रयत्न. मुलूख – प्रदेश. गंजी – गवताचा रचलेला ढीग. छेदणे – एकमेकांना कापून जाणे. क्षीण – दुर्बळ, कमजोर. उणीव – कमतरता. बोळ – अरुंद गल्ली.

स्वाध्याय
१. तारेच्या टेलिफोनवरून घर कसे कळत असे?
२. फोनची जागा काढण्यासाठी तीन वर्तुळे का लागतात? आकृती काढून सांगा.
३. कारण लिहा : घरात असलेल्या माणसाची जागा काढणे अवघड जाते.
४. तुमच्या मोहल्ल्यात कधीही न आलेल्या चालकाला तुमचे घर सापडेल, असा पत्ता दोन वाक्यांत मराठीत सांगा. वर्गातील मित्राने त्यावरून नकाशा काढावा.