नाव जुने, मालक नवा

प्रश्न : काकांनी १९८०च्या सुमारास आखातातून आणलेला सान्सुईचा अ‍ॅम्प्लिफायर अजून खणखणीत वाजतो. अकलूजच्या दुकानात त्याच नावाचा होम थिएटर पाहिला. डोळे झाकून घ्यावा का?
– एक वाचक, वेळापूर

उत्तर : अजिबात नको. काकांचा अ‍ॅम्प्लिफायर बनवणारी सान्सुई १९४७ साली टोकियोत सुरू झाली. ती कंपनी पुढे बुडाली. उरले ते नाव, आणि नाव भाड्याने देता येते. आपल्याकडे सान्सुई आणि अकाई ही दोन्ही जपानी नावे कित्येक वर्षे औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने वापरली. २०१८ मध्ये व्हिडिओकॉनच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यामुळे पाटी सोडा, खोका उलटा करा. उत्पादक कोण, आयातदार कोण, तक्रारीचा पत्ता कुठला, हे बारीक अक्षरांत छापलेले असते.

मग दुकानदाराला विचारा, बिघडला तर नेमका कुठे पाठवणार? अकलूज-पंढरपुरात काम होणार असेल तर उत्तम. ‘पुण्याला पाठवू’ म्हणाला तर किंमत पाडून मागा. पीएमपीओच्या हजारो वॅटना भुलू नका, आरएमएसचा आकडा बघा. रात्री शेतीपंप बंद झाले की व्होल्टेज उसळते, तेव्हा स्टॅबिलायझर हवाच.

आणि जुना भंगारात घालू नका. आवाजाची कळ फिरवताना खरखर येत असेल तर बहुधा आत धूळ बसलेली असते. मेकॅनिककडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या, काम स्वस्तात होईल.