पद्मिनीचं हेड : फेसिंगपासून टॅपेटपर्यंत

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर गेल्या, पण खासगी पद्मिनी बाळगणारे हौशी अजून आहेत. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचं १०८९ सीसी इंजिन मूळ फियाट ११००चं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. रेडिएटरमधलं पाणी संपून इंजिन एकदा जरी चांगलं तापलं, तरी हेड वाकतं आणि गॅस्केट जातं.

हेड उतरवायचं ते इंजिन पूर्ण थंड असताना. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे ढिले करत या. पुशरॉड ज्या जागेचा त्याच जागी परत जायला हवा, म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा.

कार्बन आणि जुनं गॅस्केट लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पट्टीने ॲल्युमिनियमला ओरखडे पडतात. मग खात्रीची सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरून खालून फीलर गेज घालून पाहा. ०.०५ मिमीची पात सहज सरकत असेल तर फेसिंगला द्या. ब्लॉकचा माथाही असाच तपासा. हे बहुतेकजण टाळतात आणि सहा महिन्यांत पुन्हा गॅस्केट घेतात.

वर्कशॉपमध्ये आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधे तडा असेल तर फेसिंगचे पैसे वायाच. गाइड ढिले असतील तर ते आधी बदलायचे, सीट नंतर कापायची, कारण सीटचा कटर गाइडमध्येच बसतो. कारागिराला एवढंच सांगा: सपाट होईल इतकंच काढा. व्हर्नियरने हेडची उंची चारही कोपऱ्यांवर आधी आणि नंतर मोजून लिहून ठेवा. चारही ठिकाणी सारखंच उतरलं पाहिजे. बोअर ६८ मिमी, म्हणजे ०.१ मिमी काढल्यावर ज्वलनकक्ष जास्तीत जास्त ०.३६ सीसीने घटतो. त्याची चिंता नको. पण दर वेळी थोडंथोडं काढत गेलेलं जुनं हेड असेल तर मॅन्युअलमधली किमान उंची पाहूनच पुढे जा. या इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आहे, ही सोय. कॅम डोक्यावर असलेल्या इंजिनात हेडबरोबर कॅमची बैठकही वाकते, आणि नुसत्या फेसिंगने ती सरळ होत नाही.

व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवल्यावर प्लग लावा, हेड उलटं ठेवा आणि कक्षांत रॉकेल ओता. पोर्ट ओले झाले तर पुन्हा घासा.

आता बसवणी. ब्लॉकच्या बोल्टभोकांत तेल-पाणी उरू देऊ नका; बोल्ट तळाशी अडतो, टॉर्क पाना खोटं सांगतो, कधी ब्लॉकही फुटतो. रॉकरचे ॲडजस्टिंग स्क्रू आधीच ढिले करा. हेड खाली आलंय, सीट कापल्याने व्हॉल्व्हची दांडी वर आलीय. दोन्हींमुळे फट कमीच होणार. नवं गॅस्केट ठेवून बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळा.

टॅपेट थंड इंजिनवर, प्लग काढून. फायरिंग क्रम १-३-४-२. क्रँकची पुली पान्याने फिरवा. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट मिटताना इनलेट उघडू लागला, म्हणजे दोन्ही रॉकर डुलले, की पहिल्याचे दोन्ही टॅपेट सेट करा. अर्धा फेरा, दुसरा डुलेल, तिसऱ्याचे करा. मग पहिला डुलताना चौथ्याचे, तिसरा डुलताना दुसऱ्याचे. इनलेट आणि एक्झॉस्टचे आकडे वेगळे असू शकतात, मॅन्युअल पाहा. आकडा ०.१५ असेल तर ०.१५ची पात किंचित ओढ देत सरकावी, ०.२०ची शिरू नये. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. रॉकरच्या तोंडाला खड्डा पडला असेल तर पात खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि खरी फट मापापेक्षा मोठी राहते. असा रॉकर घासून घ्या किंवा बदला.

गॅरेजमध्ये आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करून देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावरच सोडतो. नीट टेकला नाही तर जळतो. थोडी टकटक परवडली.

इंजिन गरम होईपर्यंत चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मॅन्युअलप्रमाणे हेडचे बोल्ट पुन्हा आवळा. गॅस्केट दबलेलं असतं, त्यामुळे फटी परत बदलतात. आठही टॅपेट पुन्हा तपासा आणि मगच रॉकर कव्हरला नवं कॉर्कचं पॅकिंग लावून ते कायमचं बसवा.